सात नंबरच्या दोन पाती

बाळा,

परवा तू धारच्या वाड्यातून अप्पाकाकांची पत्र्याची पेटी घेऊन आलीस, माझ्या देवासच्या ओसरीवर ती उघडलीस आणि पहिलाच प्रश्न विचारलास, ‘‘आजी, पणजोबा बॉम्बर विमान चालवायचे ना? त्यांच्या स्क्वाड्रनचा बिल्ला कुठला गं?’’ मी उत्तर दिलं नाही, कारण ते दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. तुझे पणजोबा म्हणजे माझे सख्खे काका. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी त्यांच्या मागावर आहे. दुसऱ्या महायुद्धात ते कुठे होते, कुणाबरोबर होते, काय काम करत होते, हे शोधता शोधता बरंच हाती लागलं आणि बऱ्याच वेळा वाटही चुकली. आता डोळे थकले, बारीक अक्षर दिसत नाही. पुढचं काम तुझं आहे, म्हणून जे शिकले ते लिहून देते. एकेक कानमंत्र गाठीला बांधून ठेव.

१. आकडा सापडला की आधी पाती विचार

देवासच्या माणसाला हे सांगायला नको, पण तू पुण्यात वाढलीस म्हणून सांगते. १७२८ च्या सुमाराला तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार भावांनी देवासचं राज्य स्थापलं आणि त्याच्या दोन पाती झाल्या, थोरली आणि धाकटी. गाव एक, टेकडीवरची देवी एक, पण राजवाडे दोन, दरबार दोन, कचेऱ्या दोन. रस्त्याच्या या बाजूचं घर एका पातीत, समोरचं दुसऱ्या पातीत. जुना कागद हाती आला आणि त्यावर ‘देवास’ एवढंच वाचलं, तर अर्धंच वाचलं असं माझे सासरे म्हणत. ते मला १८८८ सालचे तांब्याचे दोन पैसे दाखवायचे. दोन्हींवर व्हिक्टोरिया राणीचा तोच चेहरा. कुठल्या पातीचा पैसा ते कळायचं मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांवरून.

हे सगळं ठाऊक असूनही मी फसले. अप्पाकाकांच्या एका कागदावर ‘नं. ७ स्क्वाड्रन’ असं लिहिलेलं मिळालं. मी लगेच ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या सात नंबरच्या स्क्वाड्रनचा इतिहास मिळवला. केंब्रिजजवळच्या ओकिंग्टनच्या तळावर ते लोक होते. स्टर्लिंग हे चार इंजिनांचं अवजड बॉम्बर सगळ्यांत आधी त्यांनाच मिळालं. १९४२ पासून ते पाथफाइंडर झाले, म्हणजे रात्री पुढे जाऊन लक्ष्यावर दिवे टाकून मागच्या विमानांना वाट दाखवणारे. आणि त्यांचा बिल्ला कसला, तर निळ्या गोलात सात तारे, आपले सप्तर्षी! मी हरखून गेले. आमच्या गल्लीच्या गणेशोत्सवात उभी राहून मी सांगितलं, की माझे काका सप्तर्षींच्या तुकडीत होते.

दोन वर्षं मी त्या चुकीच्या घराचे दरवाजे ठोठावत होते. मग एक दिवस त्यांचं धारला आलेलं १९४४ चं पत्र पुन्हा वाचलं. गावाचं नाव सेन्सॉरमुळे लिहिता येत नसे, पण पाऊस थांबत नाही, जळवा लागतात आणि चहाचे मळे पाण्याखाली आहेत असं त्यात होतं. चहाचे मळे इंग्लंडात कुठले? ते काछारात, सिलचरच्या भोवती. पाकिटावर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का होता. तेव्हा लक्षात आलं, की भारतीय हवाई दलाचंही सात नंबरचं स्क्वाड्रन होतं. १ डिसेंबर १९४२ ला विशाखापट्टणमला ते उभं राहिलं. व्हल्टी व्हेंजन्स नावाची अमेरिकन बनावटीची, सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानं त्यांच्याकडे होती. मार्च १९४४ मध्ये, इंफाळ-कोहिमाची लढाई पेटली तेव्हा, ते सिलचरजवळच्या उधारबंदला गेलं. या स्क्वाड्रनची ओळख आज ‘बॅटल ॲक्सेस’, म्हणजे परशू, अशी आहे.

सात नंबर एकच, पण एका पातीला सप्तर्षी आणि दुसऱ्या पातीला परशू. पुढच्या वर्षी त्याच मंडपात उभी राहून मी माझं आधीचं बोलणं दुरुस्त केलं. तूही चूक सापडली की जिथे बोललीस तिथेच दुरुस्त कर. कानोकानी गेलेली चूक मागे फिरवणं फार जड जातं.

२. घरच्या आठवणीला मान दे, पण साक्ष कागदाची घे

‘अप्पा बॉम्बर चालवायचे’ हे आमच्या घरात सगळे म्हणत. कशावरून? पेटीतल्या त्या फोटोवरून, जिथे त्यांच्या बाहीवर आडवा दोन पात्यांचा पंखा आहे. भिंग लाव आणि पुन्हा बघ. तो पंखा वैमानिकाचा नाही. हवाई दलात लीडिंग एअरक्राफ्टमन हा हुद्दा मिळाला, की बाहीवर असा पंखा लागे. वैमानिकाचे पंख डाव्या छातीवर, खिशाच्या वर असतात आणि ते पक्ष्यासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले असतात. अप्पाकाकांच्या छातीवर काहीच नाही.

ते आर्मरर होते. विमानाला बॉम्ब लावणं, फ्यूज बसवणं, बंदुका साफ करणं, पट्ट्यात गोळ्या भरणं हे त्यांचं काम. हे कळलं त्या रात्री मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण उधारबंदच्या पावसात, चिखलात गुडघाभर उभं राहून त्या धातूच्या गोळ्याला हात लावताना एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला काय वाटत असेल, याचा विचार केला आणि मला ते पूर्वीपेक्षा मोठे वाटायला लागले. कुटुंबाची आठवण खोटं बोलत नाही, ती फक्त जवळचा शब्द वापरते. ‘बॉम्बरवर होते’ याचं बोलता बोलता ‘बॉम्बर चालवायचे’ झालं. अशी आठवण पुसू नकोस. वहीत उजव्या पानावर कागद काय सांगतो ते लिही, डाव्या पानावर घर काय सांगतं ते लिही. दोन्ही पानं लागतात.

३. बिल्ला कुणाचा, याच्या आधी कधीचा ते बघ

चिन्हं ही पंचांगासारखी असतात, वाचता आली तर तारीख सांगतात.

मुकुट बघ. ब्रिटिश अमदानीत हवाई दलांच्या बिल्ल्यांच्या माथ्यावर मुकुट असे. १९५० नंतरच्या आपल्या बिल्ल्यांवर तिथे अशोकस्तंभाचे सिंह आले. फोटोतला बिल्ला सिंहांचा असेल, तर तो महायुद्धातला नाही.

नाव बघ. आपलं हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ चं. १२ मार्च १९४५ ला नावामागे ‘रॉयल’ लागलं आणि २६ जानेवारी १९५० ला ते गळालं. एखाद्या कागदावर ‘रॉयल इंडियन एअर फोर्स’ छापलं असेल, तर तो या दोन तारखांच्या मधला आहे, आणखी पुरावा नको.

विमानाच्या अंगावरचं वर्तुळ बघ. ब्रिटिश वर्तुळात मधोमध लाल ठिपका असे. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा. घाईत आपल्याच माणसांनी आपल्याच विमानावर गोळी झाडू नये, म्हणून पूर्वेच्या आघाडीवर तो लाल ठिपका काढून टाकला आणि निळं-पांढरं वर्तुळ राहिलं. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्राचं वर्तुळ होतं, मग बाहेर केशरी, मध्ये पांढरं आणि आत हिरवं असं आजचं तिरंगी वर्तुळ आलं. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग दिसत नाही, पण किती वलयं आहेत आणि मधला ठिपका गडद आहे की फिका, एवढं नक्की दिसतं.

आणि कापडी बिल्ला सापडला, की तो स्क्वाड्रनचाच असं धरून चालू नकोस. आपल्या पेटीत लाल-काळ्या ढालीवर पांढऱ्या तलवारीचा जो तुकडा आहे, तो ब्रह्मदेशात लढलेल्या चौदाव्या सैन्याचा, म्हणजे लाखो माणसांचा. ज्वाळांतून उठणारा फिनिक्स पक्षी असेल, तर तो आग्नेय आशिया कमांडचा. स्क्वाड्रनचे अधिकृत बिल्ले युद्धकाळात बाहीवर मिरवत नसत आणि कितीतरी तुकड्यांच्या बिल्ल्यांना मान्यता मागाहून मिळाली. म्हणून १९४४ च्या फोटोत परशू दिसला नाही, म्हणजे तुकडी चुकली असं समजू नकोस.

४. नावावरून जात-गाव काढू नकोस

तुझ्या बडोद्याच्या मावशींनी मला एकदा विचारलं होतं, ‘‘आमच्या बडोदा स्क्वाड्रनमध्ये किती मराठे वैमानिक होते?’’ रॉयल एअर फोर्समध्ये १२४ (बरोडा) स्क्वाड्रन खरंच होतं. मुंबईच्या नावाची दोन होती, १२२ आणि १३२. ११० हे हैदराबादचं, ९९ मद्रास इलाख्याचं, ८२ संयुक्त प्रांतांचं. पण हे नाव देणाऱ्याचं असे, लढणाऱ्याचं नव्हे. संस्थानांनी, प्रांतांनी पैसा दिला, त्याच्या आठवणीसाठी तुकडीला नाव मिळालं. आत माणसं इंग्लंडची, कॅनडाची, ऑस्ट्रेलियाची, न्यूझीलंडची, कुठलीही.

नाव मात्र वाया जात नाही, चिन्हाचा उलगडा तिथून होतो. ११० च्या बिल्ल्यावर अर्धा वाघ आहे तो निजामाच्या चिन्हातला, कारण पहिल्या महायुद्धात त्या तुकडीची विमानं निजामाने दिली होती. याच तुकडीची ब्लेनहाइम विमानं ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ ला, जर्मन आरमारावर गेली. आणि पुढे हीच तुकडी भारतात येऊन, अप्पाकाकांच्या तुकडीसारखीच व्हेंजन्स विमानं घेऊन ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढली. निजामाचा वाघ वीस-पंचवीस वर्षांनी असा फिरून आपल्या बाजूला आला. देणगी कुणाची, चिन्ह कुणाचं, माणसं कुठली, लढाई कुठली, हे चार रकाने वेगवेगळे ठेव.

५. विमानाचं पाळण्यातलं नाव आणि जन्मक्रमांक

युद्धात विमानाच्या अंगावर तीन मोठी अक्षरं असत. पहिली दोन तुकडीची, वर्तुळापलीकडचं तिसरं त्या विमानाचं. १६-१७ मे १९४३ च्या रात्री जर्मनीतली धरणं फोडायला एकोणीस लँकेस्टर गेली, त्यांतलं गाय गिब्सनचं विमान ‘ए-जे’ आणि ‘जी’. ए-जे म्हणजे ६१७ स्क्वाड्रन, जी म्हणजे त्यातलं एक विमान. पण ते विमान पडलं, की तेच अक्षर दुसऱ्या विमानाला मिळे. घरातल्या आजीचं नाव नातीला ठेवतात तसंच. म्हणून अक्षरांवर थांबू नकोस. शेपटीजवळ बारीक अक्षरांत जो क्रमांक असतो, गिब्सनच्या विमानाचा ‘ईडी ९३२’, तो जन्मक्रमांक. तो एकाच विमानाचा असतो.

जन्मक्रमांक धरून चाललीस, की कधी कधी विमानाचा दुसरा जन्मही सापडतो. युद्ध संपल्यावर कितीतरी लिबरेटर बॉम्बर कानपूरला मोडीत टाकून देण्यात आली होती. ती पुन्हा कुणी उडवू नयेत, म्हणून त्यांची नासधूस केलेली होती. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यांतूनच चाळीसच्या वर विमानं उभी केली. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कशीबशी जोडलेली विमानं एकेक करून कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. त्यांच्याच जोरावर २ नोव्हेंबर १९४८ ला आपलं पाच नंबरचं स्क्वाड्रन उभं राहिलं. चिन्ह हत्तीचं, ब्रीद ‘शक्ति विजयते’. १९६८ पर्यंत ही विमानं आपण वापरली, तोवर जगातल्या बाकीच्या सैन्यांनी ती सोडून दिली होती. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात त्यांतलं ‘एचई ९२४’ उभं आहे. गेलीस की शेपटीकडे जाऊन क्रमांक आपल्या डोळ्यांनी वाच.

६. माणसाच्या सगळ्यांत जवळचा कागद आधी

पुस्तकं शेवटी वाच. आधी तो कागद शोध, ज्यावर त्या माणसाचा हात फिरला आहे. उडणाऱ्या माणसाचं असं पुस्तक म्हणजे लॉगबुक. वैमानिकाचं वेगळं, नॅव्हिगेटर आणि गनर यांचं वेगळं. तारीख, विमानाचा क्रमांक, बरोबर कोण, काम काय, किती तास. बॉम्बरवाल्यांच्या लॉगबुकात रात्रीची मोहीम बहुधा लाल शाईत आणि दिवसाची हिरव्या शाईत असते. पान उलटताना लाल ओळी दाट झाल्या, की त्या महिन्यात काय चाललं होतं ते वाचायच्या आधीच कळतं. आणि शाई अचानक थांबली, तर ते पान बंद करण्याआधी क्षणभर थांब.

त्याच्या बाहेरचं वर्तुळ म्हणजे तुकडीचं दप्तर. ब्रिटिश पद्धतीत फॉर्म ५४० वर दिवसाचा गोषवारा आणि फॉर्म ५४१ वर प्रत्येक उड्डाणाची तपशीलवार नोंद. रॉयल एअर फोर्सच्या स्क्वाड्रनांची ही दप्तरं लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एआयआर २७’ या मालिकेत आहेत. आपल्या तुकड्यांसाठी संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाला लिही. हवाई दलातल्या जवानांच्या सेवापत्रकांसाठी दिल्लीच्या सुब्रोतो पार्कमध्ये रेकॉर्ड ऑफिस आहे. आणि आधी पायाखालचं बघ. आपल्या भागातलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठ. पेन्शनच्या कागदावरून सेवा क्रमांक मिळतो आणि सेवा क्रमांक म्हणजे अर्धी लढाई. नावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाने दहा प्रकारे केलेलं असतं, ‘पवार’चं ‘पुआर’, ‘पोवार’, ‘पॉवर’ काहीही. क्रमांक मात्र तोच राहतो.

सगळ्यांत बाहेर छापील इतिहास. एस. सी. गुप्ता यांचा १९३३ ते १९४५ चा भारतीय हवाई दलाचा अधिकृत इतिहास जरूर वाच. पण तिथे अप्पाकाका भेटणार नाहीत, त्यांचं आभाळ भेटेल.

७. क्रू म्हणजे फक्त वैमानिक नव्हे

लँकेस्टरमध्ये सात माणसं असत. वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब एमर, वायरलेस ऑपरेटर, वरच्या बुरुजातला गनर आणि शेपटीतला गनर. वैमानिक सोडून बाकीच्यांच्या छातीवर अर्धाच पंख आणि एका गोलात अक्षर. ‘एन’ नॅव्हिगेटरचं, ‘ए-जी’ एअर गनरचं, ‘बी’ बॉम्ब एमरचं, ‘ई’ इंजिनिअरचं. जुन्या निरीक्षकांचं ‘ओ’. फोटोत माणूस कोण ते कळलं नाही, तरी एवढ्या अक्षरावरून तो विमानात कुठे बसत होता ते कळतं.

ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० माणसं उडाली, त्यांतली ५५,५७३ गेली. पहिली पाळी तीस मोहिमांची असे आणि ती पुरी करणं फार थोड्यांच्या नशिबी होतं. हा आकडा मी तुला एकदाच सांगते. आकडा मोठा झाला, की माणूस दिसेनासा होतो. त्यापेक्षा एका विमानाची सात नावं शोध, त्यांची वयं बाजूला लिही. बहुतेक वेळा सगळ्यांत मोठा जेमतेम पंचवीस-सव्वीसचा निघतो.

व्हेंजन्समध्ये दोघंच, पुढे वैमानिक आणि पाठीला पाठ लावून मागे गनर. विमान नाक खाली करून सरळ उभं खाली यायचं, तेव्हा मागच्या माणसाला लक्ष्य दिसत नसे, वरचं आभाळ तेवढं दिसे. आणि हे दोघं परत येईपर्यंत पट्टीच्या कडेला जे उभे असत, ते अप्पाकाकांसारखे. त्यांची नावं मोहिमेच्या नोंदीत येत नाहीत. म्हणून त्यांना शोधायचं ते फोटोंत, पत्रांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात.

८. पेटी उघडताना

हात धुऊन कोरडे कर, सुती कापड अंथर आणि वस्तू काढायच्या आधी पेटी आहे तशी उघडी ठेवून वरून फोटो काढ. कुठली वस्तू कशाखाली होती, हीसुद्धा माहिती असते. अल्बममध्ये चिकटलेला फोटो ओढून काढू नकोस. गंजलेली टाचणी अलगद काढून त्या जागी पेन्सिलीने खूण कर. फोटोच्या मागे कधीही पेनने लिहू नकोस, शाई पुढे फुटते. पेन्सिल, तीही मऊ, आणि शक्य तर वेगळ्या चिठ्ठीवर. प्रत्येक फोटोच्या दोन्ही बाजूंचे फोटो घे. मागची बाजू हेच अर्धं दप्तर असतं.

पदकं चिंचेने घासू नकोस, मी तुला हात जोडून सांगते. माझ्या आईने दिवाळीला समयांबरोबर तीही घासली. ब्रिटनने आपल्या सैनिकांना दिलेल्या महायुद्धाच्या पदकांवर बहुधा नाव नसे, पण भारतीयांना दिलेल्या पदकांवर क्रमांक आणि नाव कोरलेलं असे, पदकाच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर. अप्पाकाकांच्या बर्मा स्टारच्या पाठीवरचे दोन अंक त्या घासण्यात पुसट झाले आहेत. मी ते तिरप्या उजेडात, एका बाजूने विजेरी धरून वाचले. तूही असंच वाच.

पत्रांत लिपी तीन सापडतील. घरच्यांना लिहिलेली मोडी, इतरांना बाळबोध, आणि सैन्यात शिकवलेली रोमन उर्दू, म्हणजे इंग्रजी अक्षरांत हिंदुस्तानी. मोडी तुला येत नाही. शीक. चार-सहा महिन्यांत हात बसतो. आणि पत्र क्षुल्लक आहे म्हणून बाजूला ठेवू नकोस. एडवर्ड फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव होता. तेव्हा त्याने घरी लिहिलेली पत्रं पुढे १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली आणि देवासचा दरबार त्यातून जगाला कळला. लिहिणाऱ्याला पत्र साधं वाटतं, तीस वर्षांनी तेच दप्तर होतं.

९. वडीलधाऱ्यांना विचारताना

महायुद्धातली माणसं आता जवळजवळ उरली नाहीत. पण त्यानंतरच्या बॉम्बर क्रूमधली काही आहेत आणि तुझ्या पुण्यात तर आहेतच. लोहगावच्या तळावर कॅनबेरा विमानं वर्षानुवर्षं होती. १८ डिसेंबर १९६१ ला गोवामुक्तीच्या वेळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड बॉम्ब टाकले, इमारती वाचवून. कॅनबेरा आपल्याकडे १९५७ पासून २००७ पर्यंत उडाली, म्हणजे अर्धं शतक. तिच्यात वैमानिक आणि नॅव्हिगेटर अशी जोडी असे. १०६ स्क्वाड्रनचे विंग कमांडर रमेश बेनेगल यांना १९७१ च्या युद्धात महावीर चक्र मिळालं. तेच महायुद्धात आझाद हिंद सेनेतर्फे जपानला शिकायला गेलेल्या मुलांपैकी एक होते. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन सैन्यं आणि दोन बिल्ले. म्हणून कुणाचा एक बिल्ला मिळाला, की शोध संपला असं मानू नकोस.

अशा माणसाकडे जाशील तेव्हा आधी फोन कर, सकाळच्या वेळी जा, घरातल्या बाईंशी आधी बोल. ‘‘युद्ध कसं होतं?’’ असं विचारू नकोस. त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. ‘‘काका, तुम्ही बसायचात तिथून डाव्या हाताला काय होतं? नाश्त्याला काय मिळायचं? तुमचा नॅव्हिगेटर कुठल्या गावचा?’’ असं विचार. हात आपोआप हलायला लागतात, डाव्या बाजूची कळ दाबतात, आणि मग आठवण येते. फोटो समोर ठेव, पण नावं तू सुचवू नकोस. ते रडले, तर वही बंद कर. ते गप्प बसले, तर तूही गप्प बस. आणि दुसऱ्यांदा जा. पहिल्या भेटीत माणूस पाठ झालेलं सांगतो, दुसऱ्या भेटीत खरं आठवलेलं सांगतो.

चेहरे ओळखताना कान बघ. बाबा म्हणायचे, मिशी बदलते, अंग बदलतं, कान तोच राहतो. धारला माझ्या लहानपणी आम्ही शिल्पकार फडक्यांच्या स्टुडिओत जायचो. तिथल्या अर्धपुतळ्यांचे कान मी बोटांनी चाचपून बघत असे. ते बघणं पुढे या फोटोंवर कामी आलं.

१०. परत न आलेल्यांना विसरू नकोस

ज्यांना थडगं मिळालं, त्यांचं नाव राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत आहे. पुण्यात खडकीला अशी स्मशानभूमी आहे. रांगेत सारख्या उंचीचे दगड, प्रत्येकावर त्या त्या दलाचं चिन्ह, नाव, तारीख, वय. तिथे जाऊन एक संध्याकाळ नुसतं चाल. आग्नेय आशियाच्या आघाडीवर जे हवाई दलाचे लोक सापडलेच नाहीत, त्यांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकाच्या स्तंभांवर आहेत. ब्रिटन आणि युरोपच्या आभाळात हरवलेल्या वीस हजारांहून अधिक जणांची नावं लंडनजवळच्या रनिमीडला आहेत. आपल्या हवाई दलातल्या अधिकाऱ्यांच्या क्रमांकामागे बहुधा ‘आयएनडी’ असतं, त्यावरून ते चटकन ओळखू येतात. नाव सापडलं, की ते मोठ्याने वाच. ज्याचं नाव त्याच्या गावापासून हजारो मैलांवर कोरलंय, त्याला ते आपल्या उच्चारात कुणी हाक मारल्यासारखं ऐकू येऊ दे.

आता तो शेवटचा फोटो. पेटीच्या तळाशी बटरपेपरात आहे. व्हेंजन्सच्या शेपटीपुढे सात जण उभे आहेत. दोघांच्या छातीवर खुणा आहेत, बाकीचे तेलाने माखलेल्या कपड्यांत. उजवीकडून दुसरे अप्पाकाका, कान बघ म्हणजे पटेल. मागच्या बाजूला पेन्सिलीने मोडीत नावं लिहिली आहेत. मी मोडी शिकले ती याच्यासाठी. मोजलीस तर नावं सहाच आहेत. स्वतःचं नाव त्यांनी लिहिलंच नाही. इतरांचं विसरायला नको, एवढीच त्यांना काळजी होती.

वीस वर्षं मी बिल्ला शोधत होते, आणि त्यांनी जे जपलं होतं ती ही सहा नावं होती. बिल्ला साऱ्या तुकडीचा असतो, नाव एकाच माणसाचं. तू बिल्ल्यावरून सुरुवात कर, हरकत नाही, वाट तिथूनच जाते. पण थांबायचं ते नावापाशी.

या फोटोच्या मी सहा प्रती काढून घेतल्या आणि सहा पाकिटं केली. दोघांची घरं सापडली, एक पंजाबात, एक बंगालमध्ये. त्यांच्या नातवंडांना प्रती पोचल्या. पंजाबातून उत्तर आलं, की आमच्याकडे आजोबांचा एकही फोटो नव्हता. उरलेली चार पाकिटं पेटीत वरच्या कप्प्यात ठेवली आहेत. आत फोटो आहे, वर नाव आहे, पत्त्याची जागा कोरी आहे. तेवढी भर, बाळा.

तुझी,
देवासची आजी